काळजाचे पाणी
(द्वितीय वर्ष, कला)

मराठी भाषेने काळजाइतके दुसऱ्या कुठल्याही अवयवाला राबवून घेतलेले नाही. कुणाच्या काळजाला घरे पडतात, कुणाचे काळीज फाटते, कुणी कुणाच्या काळजाचा तुकडा असतो, तर कुणी वाघाच्या काळजाचा. या सगळ्या ठिकाणी आपल्याला म्हणायचे असते हृदय. पण आठवडे बाजारात मटणाच्या दुकानापुढे उभे राहून ‘पाव किलो काळीज द्या’ असे म्हणून पाहा. दुकानदार हृदय देत नाही. तो तांबूस-काळपट, गुळगुळीत असे यकृत तोलून देतो. शरीरशास्त्राच्या बाबतीत कवीपेक्षा खाटीक अधिक विश्वासाचा, असे म्हणावे लागते. महाविद्यालयातील कविमित्रांनी रागावू नये.

याच काळजावरून आणखी एक वाक्प्रचार आहे. ‘काळजाचे पाणी पाणी झाले.’ शाळेत असताना वाक्यात उपयोग करा म्हणून तो यायचा आणि आम्ही ठरलेले एक वाक्य लिहून दोन गुण मिळवायचो. या वर्षी मला समजले, की तो नुसता वाक्प्रचार नाही. काळीज खरोखर बिघडते आणि पोटात खरोखर पाणी साठते. आमच्या गावात ‘त्याच्या पोटात पाणी झालं’ असे म्हणतात. वैद्य आणि डॉक्टर जलोदर म्हणतात. असा माणूस हातापायाने काडी होतो आणि पोट तेवढे पुढे येते. गावात ते दिसले की लोकांचा निर्णय झालेला असतो: दारू. बहुधा तो खराही असतो. पण दारूचा थेंब न घेतलेल्या बायकांचे, इतकेच काय, लहान मुलांचेही पोट असे फुगू शकते आणि त्याला कारण ताटातली भाकरी असू शकते, हे मला कुणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

हा विषय माझ्याकडे आला तो पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पामुळे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रकल्प म्हणजे एक नसती पीडा वाटते. बहुतेक जण प्लॅस्टिक प्रदूषण घेतात, कारण त्याची मागच्या वर्षीची वही सहज मिळते. मी बांधावरच्या वनस्पती घेतल्या. त्यात पैसे लागत नाहीत आणि बांध आमच्या घरापासून शंभर पावलांवर आहे. बांध दुसऱ्याचा आहे, ही गोष्ट वेगळी. आमची स्वतःची जमीन नाही.

त्या बांधावर खुळखुळा आहे. खेड्यातून आलेल्या मित्रमैत्रिणींना तो सांगायला नको. पाऊस सरता सरता त्याला पिवळी, वाटाण्याच्या फुलासारखी फुले येतात, मग फुगीर शेंगा धरतात. शेंगा वाळल्या की आतल्या बिया सुट्या होतात आणि हलवले की खुळखुळ वाजतात. आम्ही लहानपणी त्या पायात बांधून नाचलो आहोत. वनस्पतिशास्त्रात या कुळाचे नाव आहे क्रोटालारिया. आमच्या मॅडमनी सांगितले, की हे नाव ‘खुळखुळणारे वाद्य’ या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून पडले. अमेरिकेत शेपटी वाजवणारा जो विषारी साप असतो, त्याच्या शास्त्रीय नावातही हाच शब्द आहे. ग्रीक माणसाला आणि आमच्या गावच्या पोराला एकच आवाज ऐकू आला, याची मला मोठी गंमत वाटली. शेतकरी हिरवळीचे खत म्हणून जो ताग पेरून गाडतात, तोही याच घराण्यातला.

मग मॅडमनी एक जुनी हकिगत सांगितली आणि गंमत तिथे संपली.

१९७५च्या सुमाराची गोष्ट. सरगुजा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, २००० सालापासून तो छत्तीसगडमध्ये आहे. तिथल्या आदिवासी खेड्यांतून माणसांची पोटे एकाएकी फुगू लागली. पोटात दुखायचे, काळीज सुजायचे, पाणी साठायचे. बाधा झालेल्या ६७ जणांची नोंद झाली. त्यांतले २८ जण मेले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. बी. एन. टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला आणि १९७६ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. कारण निघाले गोंदली. हे आपल्याकडच्या वरी-कुटकीच्या जातीचे बारीक धान्य. गरिबाचे रोजचे अन्न. त्या गोंदलीत एका रानटी झुडपाच्या बिया मिसळल्या होत्या. हे झुडूप पिकातच उगवते, पिकाबरोबर कापले जाते, पिकाबरोबर मळले जाते. तिकडे त्याला म्हणतात झुनझुनिया. हिंदीत झुनझुना म्हणजे मुलांचा खुळखुळा. म्हणजे आमच्याच खुळखुळ्याचा तो भाऊ.

हे ऐकत असताना माझे लक्ष ६७ आणि २८ या आकड्यांवर नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे मातेरे होते.

शहरातल्या वाचकांना मातेरे कदाचित माहीत नसेल. खळ्यावर किंवा दुकानात धान्य झाडून घेतल्यावर तळाशी जे उरते ते मातेरे. त्यात माती असते, खडे असतात, फुटके दाणे असतात आणि चांगलेही दाणे असतात. माझी आई तालुक्याच्या गावी एका आडतीवर धान्य निवडायला जाते. दिवसाची मजुरी मिळते, आणि वर संध्याकाळी पदरात मातेरे मिळते. आडतीचे मालक ते देताना मोठे दान केल्याचा आव आणतात. आई ते घरी आणून पाखडते, चाळते, निवडते. त्यातून चार-सहा भाकरींचे पीठ निघते. मी त्यावरच वाढले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि त्या पायरीखाली हे मातेरे आहे. त्यामुळे धान्यात कुठल्या बिया मिसळतात हा प्रश्न मला परीक्षेपुरता राहिला नाही.

मी वाचायला लागले. विज्ञान दहावीनंतर सुटले होते, त्यामुळे सुरुवातीला एकेक ओळ दोन-दोनदा वाचावी लागली. पण समजले तेव्हा असे वाटले, की एखाद्या शोकांतिकेचे कथानकच वाचते आहे. सांगते.

वनस्पतींच्या अंगात अल्कलॉइड नावाची रसायने असतात. नावाला बुजू नका. चहा-कॉफीतले कॅफिन, तंबाखूतले निकोटिन, हिवतापावरचे क्विनाइन, अफूतले मॉर्फिन, ही सारी अल्कलॉइडेच. झाडाला पाय नाहीत, पळून जाता येत नाही. किड्यांनी आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून ते अंगात कडूपणा आणि विष मुरवते. खुळखुळ्याच्या कुळातल्या अल्कलॉइडांना पायरोलिझिडिन असे म्हणतात. त्यांतल्या एकाचे नावच मुळी क्रोटालारियावरून मोनोक्रोटालिन असे ठेवले आहे.

आता यातली विलक्षण गोष्ट अशी, की ही रसायने जशी झाडात असतात तशी फारशी घातक नसतात. माणसाने ती बी खाल्ली, तरी जिभेला काही होत नाही, जठराला काही होत नाही. आतड्यातून ती रक्तात उतरतात आणि ते रक्त प्रथम जाते यकृतात. यकृत हा साधारण दीड किलो वजनाचा अवयव. शरीरात जे काही परके आले असेल, ते मोडून-बदलून पाण्यात विरघळेल असे करावे आणि लघवीवाटे बाहेर घालवावे, हे त्याचे एक मोठे काम. त्यासाठी यकृताच्या पेशींत सायटोक्रोम पी-४५० या नावाची विकरे असतात. प्रामाणिक नोकर जसा दारात आलेली प्रत्येक वस्तू तपासायला घेतो, तशी ही विकरे त्या अल्कलॉइडाला हात घालतात आणि त्याचा रेणू बदलतात. तो बदललेला रेणू मात्र भयंकर असतो. तो इतका उतावीळ असतो, की जवळ जे सापडेल त्याला चिकटतो. पेशीतील प्रथिनांना चिकटतो, डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतो. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा एक रक्षक पदार्थ असतो. तो काही वेळ या रेणूंना निष्प्रभ करतो, पण त्याचा साठा संपला की पेशी उघडी पडते.

म्हणजे विष बाहेरून येत नाही. बाहेरून येते ते कच्चा माल म्हणून. विष तयार होते काळजात, काळजाच्याच हाताने, आणि तेही रक्षण करण्याच्या प्रयत्नात. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते.

पुढचे आणखी आहे. यकृतात रक्त ज्या बारीक वाटांनी झिरपते, त्या वाटांना आतून पातळ पेशींचे अस्तर असते. नव्याने तयार झालेले विष या अस्तरावर उतरते. अस्तराच्या पेशी सुजतात, सुटतात, वाहत जाऊन पुढे अडकतात. यकृताच्या प्रत्येक लहान खंडाच्या मध्यभागी एक बारीक शीर असते, त्या शिरेतून रक्त बाहेर पडायचे असते. ती शीर तंतूंनी भरून बुजत जाते. पाणी आत येते आहे आणि बाहेर जायची वाट बंद. कालव्याचे दार खाली टाकले की वरच्या अंगाला पाणी कसे फुगते ते आपण पाहिलेले आहे. तसेच रक्त तुंबते, दाब वाढतो आणि रक्तातला पाण्याचा अंश पाझरून पोटाच्या पोकळीत उतरतो. हेच ते काळजाचे पाणी. शिरा बुजतात म्हणून या रोगाला डॉक्टरांनी ‘व्हेनो-ऑक्लुसिव्ह’ असे नाव दिले. हे नाव १९५४ साली जमैकात पडले. तिथे लोक रानपाल्याचा काढा औषध म्हणून घेत, लहान मुलांना पाजत. त्या पाल्यात कधी कधी क्रोटालारिया असे.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी, म्हणून एक गोष्ट मला फार लागली. ग्रीक पुराणातला प्रॉमिथियस आपल्याला माहीत आहे. देवांकडचा अग्नी माणसासाठी चोरला म्हणून त्याला खडकाला बांधले, आणि गरुड रोज येऊन त्याचे यकृत खाई. रात्रीतून ते पुन्हा वाढे. यकृत खरोखरच असे पुन्हा वाढते. उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला, तरी आठवडा-दहा दिवसांत ते जवळजवळ मूळ वजनाला येते. उरलेल्या पेशी विभागतात आणि जागा भरून काढतात. पण या अल्कलॉइडाने डीएनएचे धागे जखडलेले असले, की पेशीला विभागता येत नाही. ती वाढण्याची धडपड करते आणि नुसतीच फुगत जाते, मोठी होत जाते. एकीच्या दोन होत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली, विशेषतः जनावरांच्या यकृतात, अशा राक्षसी आकाराच्या पेशी दिसतात. गरुडाला जे साधले नाही ते एवढ्याशा बीने साधले.

या विषाला उतारा नाही. खाणे थांबवायचे, पोटातले पाणी काढायचे आणि वाट पाहायची. कुणी बरे होतात, कुणाचे यकृत पुढे कठीण होत जाते. थोडे थोडे बरेच दिवस पोटात गेले, तर त्रास उशिराने दिसतो. तोवर कुणाला त्या धान्याची आठवणही राहिलेली नसते.

सरगुजा हे काही एकटे नाही. अफगाणिस्तानात हेरात प्रांतातल्या गुलरान भागात दोन वर्षांच्या दुष्काळानंतर असेच झाले. तिथे गव्हात हेलिओट्रोपियम नावाच्या झाडाच्या बिया आल्या. आपल्याकडची भुरुंडी याच कुळातली. तिथे ७,२०० माणसे तपासली, तेव्हा त्यांतल्या शेकडा २२.६ जणांत यकृताचा विकार सापडला. हाही वृत्तान्त १९७६ सालचाच. त्याआधी १९२० साली दक्षिण आफ्रिकेतून पावामुळे झालेल्या अशाच रोगाची नोंद झाली होती. कुठेही पाहा, साल वेगळे, झाड वेगळे. माणसे मात्र सारखीच. ज्यांना धान्य निवडून घेण्याची चैन नाही ती. दुष्काळात पीक खुरटते आणि तण तगते. मग मळणीला दाण्याबरोबर तणाचे बी अधिक येते, आणि भूक इतकी असते की चाळणीतून पडलेलेही टाकवत नाही.

मध्येच एक सुंदर गोष्ट सांगायची राहिली. खुळखुळ्याच्या वाळक्या झुडपावर पावसाळ्यानंतर काळ्या-निळ्या पट्ट्यांची फुलपाखरे झुंडीने बसलेली असतात. ब्लू टायगर त्यांचे नाव. मला वाटायचे, वाळक्या काडीवर यांना काय मिळते? ती तेच विष पिऊन घेतात. नर त्यापासून मादीला बोलावणारा गंध तयार करतात, शिवाय अंगात विष असल्यामुळे पक्षी त्यांना तोंड लावत नाहीत. याच झाडावर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळ्यांजवळ तर असे विकर असते, की त्या पोटात गेलेल्या विषाला ताबडतोब पुन्हा झाडातल्या निरुपद्रवी रूपात बदलून ठेवतात. अळीला जी विद्या आली, ती आपल्या काळजाला आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे घरी सांगितले. आजी १९७२च्या दुष्काळात बारा वर्षांची होती. खडी फोडायच्या कामावर ती आईबरोबर जायची. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “त्या साली आम्ही तांबडी मिलो खाल्ली, सुकडी खाल्ली, रानातला पाला खाल्ला. तवा इख बघत बसलो असतो तर तुजा बाप जन्माला आला नसता.” यावर मी काय बोलणार? तिचे म्हणणे खोटे नव्हते. भुकेला कुणी पुस्तक दाखवू नये.

आईचे तसे नाही. ती कमी बोलते. तिने विचारले, “कसलं बी गं? दाखीव.” मी बांधावरून शेंगा आणल्या, बिया हातावर काढल्या. चकचकीत, मूत्रपिंडाच्या आकाराच्या. आईने एक उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, “हे मला ठावं हाय. ज्वारीत आलं तर चाळणीतनं खाली पडतंय. बाजरीत आलं की बाजरीसंगं ऱ्हातंय. वरीत तर दिसत बी न्हाय.” जे टंडन आणि मंडळींना सरगुज्याला जाऊन शोधावे लागले, त्यातले अर्धे आईच्या बोटांना आधीच माहीत होते. तिला ते कचरा म्हणून माहीत होते. विष म्हणून माहीत नव्हते, एवढाच फरक.

युरोपात २०२२ सालापासून चहा, पानांचे काढे, मसाले अशा पदार्थांत ही अल्कलॉइडे किती असावीत याची मर्यादा कायद्याने लागू आहे. ती एका किलोत किती मायक्रोग्रॅम अशी मोजतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! मला त्या कायद्याचे हसू येत नाही. उलट हेवा वाटतो. आमच्याकडे या बाबतीतले सगळे खाते म्हणजे एक सूप, एक चाळणी आणि चाळिशी ओलांडलेले आईचे डोळे. आणि आडतीवर सगळ्यात चांगले डोळे तिचे, म्हणून तिथे निवडलेला स्वच्छ माल तिने भरलेल्या पोत्यांतून शहरात जातो आणि न निवडलेला तिच्या पदरात येतो. हा हिशेब कुठल्या शास्त्रात बसतो, ते मला अजून कळलेले नाही. अर्थशास्त्राच्या सरांनी सांगावे.

आईने मालकांना एकदा विचारून पाहिले, की मातेऱ्याऐवजी दहा रुपये जास्त द्या. मालक म्हणाले, “अहो बाई, मातेरं तर फुकट देतो, त्याचे कसले पैसे? नको असेल तर ठेवा इथेच.” ठेवून काय करायचे? आई घेऊन आली. पण तेव्हापासून बाजरीचे आणि वरीचे मातेरे ती भाकरीच्या पिठात घेत नाही. ज्वारीचेच घेते, तेही दोनदा चाळून. कोंबड्यांना घालावे असे आजीने सुचवले. कोंबडीलाही हे विष बाधते हे मी सांगितल्यावर आजीने कपाळाला हात लावला आणि मला म्हणाली, “तुज्या कालिजात कोंबडीचं बी शिकवत्यात व्हय?” आठवड्याला दोन-तीन वेळच्या भाकरी त्यामुळे कमी झाल्या आहेत. त्या कुणाच्या ताटातल्या कमी झाल्या, ते आई सांगत नाही, पण मला सुट्टीत दिसले.

रात्री जेवणे झाली, की आई दिव्याखाली परात घेऊन बसते. मी घरी असले की मीही बसते. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला आणि ओळखू न येणाऱ्या बिया एका काडेपेटीत. ती काडेपेटी माझ्या प्रकल्पासाठी. मॅडम म्हणाल्या, वहीत बिया चिकटवून खाली नावे लिही. काही मी ओळखते, काही आजी ओळखते: हा धोतरा, ही भुरुंडी, हे आघाड्याचे. खुळखुळ्याच्या एकोणीस निघाल्या. काडेपेटी भरत आली आहे. परवा आईने निरोप पाठवला, की येताना दुसरी रिकामी पेटी घेऊन ये.